फौंड्रीत आरटी करताय? मग या चुका टाळा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या कोल्हापूरच्या पट्ट्यात रेडिओग्राफीच्या (आरटी, म्हणजे किरणांनी कास्टिंगचा आतला फोटो काढून दोष शोधणं) कामानिमित्त मी वर्षानुवर्षं फिरतोय. फौंड्री बदलते, कास्टिंग बदलतं, पोरं बदलतात, चुका मात्र त्याच. पोरं हुशार असतात. लेव्हल टूचं सर्टिफिकेट खिशात असतं, फिल्म वाचता येते, डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) कळते. पण किरण सोडणारा सोर्स आत्ता कुठे आहे, हा प्रश्न दर शॉटनंतर (एका फिल्मच्या एक्स्पोजरनंतर) स्वतःला विचारायची सवय त्यांना कुणी लावलेली नसते. म्हणून हे लिहितोय. आपल्याकडे बहुतेक काम इरिडियम-192 या किरणोत्सारी धातूच्या सोर्सवर चालतं, त्यामुळे आकडे त्याचेच देतो.

क्रँक फिरवली म्हणजे सोर्स आत गेला, असं धरून चालणं

या एका चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण माणसाचा हात किंवा पाय जातो तो हिच्यामुळेच.

कॅमेरा म्हणजे सोर्स ठेवायची जड पेटी, तिच्यात किरण अडवणारं डिप्लिटेड युरेनियमचं कवच असतं. सोर्स त्या कवचात आहे तोवर ठीक. शॉट घेताना क्रँक फिरवून ड्राइव्ह केबलने तो गाइड ट्यूबमधून पुढे ढकलायचा आणि वेळ झाली की तसाच परत ओढायचा. परत आला की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. वास नाही, आवाज नाही, अंगाला काही जाणवत नाही. तरी हाताला अडल्यासारखं लागलं की पोरं पुढची फिल्म घेऊन आत पळतात. किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर असतो, पण बाहेर टेबलावर.

आता हिशोब बघा. 20 क्युरीचा (क्युरी म्हणजे सोर्सची ताकद) सोर्स उघडा असेल तर एक मीटरवर तासाला साधारण 100 मिलिसिव्हर्ट (अंगाला लागणाऱ्या डोसचं माप). अंतर निम्मं केलं की मात्रा चौपट होते, दहावा हिस्सा केलं की शंभरपट. फिल्म काढायला वाकलात की छाती अर्ध्या मीटरवर असते आणि हात 10 सेंटिमीटरवर. छातीला तासाला 400 मिलिसिव्हर्ट, हाताला तासाला 10 सिव्हर्ट. हे काम करणाऱ्याला पूर्ण शरीरासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, हातांसाठी 500 ची. दोन्ही तीन मिनिटांत संपतात. टेप सोडून फिल्म काढा, नवीन लावा, लेड लेटर (शिशाची ओळख-अक्षरं) नीट बसवा, तेवढाच वेळ लागतो.

एका फौंड्रीत रात्रीचं काम होतं. मोठ्या व्हॉल्व्ह बॉडी, सकाळी गाडी लोड करायची होती. शॉट संपला, पोरानं क्रँक उलटी फिरवली, अडली, लॉक दाबायला लागला. लॉक बसत नव्हतं. तरी फिल्म घेऊन निघाला. मी म्हटलं, "मीटर कुठाय?"

"अडलीय की सर क्रँक. आलाय आत."

"मीटर घे आणि मग जा."

कंटाळून मीटर घेतला आणि दारातच काटा शेवटाला जाऊन टेकला. पोराचा चेहरा उतरला. आम्ही लगेच मागे आलो, माणसांना लांब ठेवायला बांधलेली दोरी आणखी लांब सरकवली, शेजारच्या बेमधलं ग्राइंडिंग बंद करून माणसं बाहेर काढली. मग क्रँकच्या टोकाकडूनच हळूहळू पुढे-मागे करत सोर्स आत घेतला. लॉक बसलं, मीटरने खात्री केली आणि मगच कुणीतरी पाण्याची बाटली उघडली.

कारण काय निघालं? वाळू. गाइड ट्यूब संध्याकाळी फेटलिंगमध्ये (कास्टिंग घासून साफ करतात तिथे) जमिनीवर टाकलेली, टोपण न लावता. जोडात वाळू शिरली आणि सोर्स कॅमेऱ्याच्या अलीकडेच अडकला. फौंड्रीत वाळू हवेतच असते, त्यामुळे टोपण ही इथे किरकोळ गोष्ट नाही. मॅनेजर म्हणत होते, "आता चालू झालंय तर उरलेले शॉट काढून घ्या." मी नाही म्हटलं. ती ट्यूब आणि तो कॅमेरा तपासल्याशिवाय पुन्हा वापरायचा नव्हता. गाडी दुसऱ्या दिवशी गेली, कुणाचं काही बिघडलं नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. फेब्रुवारी 1999 मध्ये पेरू देशात यानांगो इथे कॅमेऱ्यातून निसटलेला इरिडियमचा सोर्स एका वेल्डरने उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला. तो काही तास खिशातच होता, तसाच घरीही गेला. त्या माणसाचा पाय कापावा लागला. सोर्स कॅमेऱ्यात नाही हे रेडिओग्राफरला कळलं ते रात्री फिल्म कोरी निघाली तेव्हा. मीटर हातात असता तर कितीतरी आधी कळलं असतं.

माझी पद्धत अशी. काम सुरू करण्याआधी मीटरची बॅटरी बघतो. मग सोर्स आत असताना कॅमेऱ्याच्या तोंडाजवळ रीडिंग घेतो आणि वहीत लिहितो. दर शॉटनंतर मीटर चालू ठेवूनच दारातून आत जातो: आधी कॅमेरा, मग पूर्ण गाइड ट्यूब, शेवटी कोलिमेटर (किरण हव्या त्या दिशेलाच सोडणारं टोक). तोंडाजवळ तोच आकडा आला पाहिजे. मीटर आत जाऊन चालू करायचा नाही. काही जीएम (गायगर) मीटर फार जास्त किरणोत्सारात गुदमरतात आणि काटा शून्यावर पडतो. लांबून चालत आलात तर काटा आधी चढताना दिसतो. आणि स्केल बघा. गुणिले शंभरवर ठेवलेला मीटर गुणिले एक समजून वाचणारे मी पाहिले आहेत.

सोर्स अडकला तर हात लावायचा नाही, पकडीने ओढायचा नाही, ट्यूबवर ठोकायचं नाही. मागे या, दोरी वाढवा, आरएसओला (किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याला) फोन करा. हिंमत दाखवायची ही जागा नव्हे.

बॅज लॉकरमध्ये

टीएलडी बॅज (अंगाला लागलेला डोस नोंदवणारा बिल्ला) दोन कारणांनी लपवला जातो. एक, आकडा जास्त आला तर काम बंद करतील ही भीती. दोन, हरवेल म्हणून. एका ठिकाणी तर सगळ्यांचे बॅज एकाच खिळ्याला टांगलेले होते आणि तो खिळा सोर्सच्या खड्ड्याच्या भिंतीवर. अहवाल आला, घरी बसलेल्या माणसालाही डोस लागलेला. मग एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) उत्तरं देत बसा, आणि खरा डोस कुणाला किती लागला ते कधीच कळणार नाही.

बॅज छातीवर, ज्याचा त्याने, काम करताना. काम संपलं की किरणोत्सार नसलेल्या जागी. बॅज संरक्षण देत नाही आणि त्या क्षणी काही सांगतही नाही, त्याचा आकडा प्रयोगशाळेतून नंतर येतो. त्या क्षणासाठी वाजणारा पॉकेट डोसिमीटर लागतो. तो वाजतो म्हणून बंद करणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.

दोरी पावलं मोजून बांधणं

कोलिमेटर नसेल तर 20 क्युरीला 10 मीटरवर तासाला 1 मिलिसिव्हर्ट. सर्वसामान्य माणसाची वर्षाची मर्यादा तेवढीच आहे. शेजारच्या शेडमधला फेटलर त्या कामावर नाही, त्याला बॅज नाही, त्याला कुणी विचारलेलंही नाही. पहिल्या शॉटला मीटर घेऊन दोरीच्या कडेने पूर्ण फेरी मारा. पत्र्याची भिंत ही भिंत नव्हे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत "पटकन दोन शॉट" काढणं मला अजिबात मान्य नाही, कारण तेव्हाच माणसं वाटेल तिथून चालतात.

लेड एप्रन घालून निर्धास्त होणं

दवाखान्यातला एप्रन अर्ध्या मिलिमीटर शिशाच्या तोडीचा असतो. इरिडियमचे गॅमा किरण निम्मे करायलाच साधारण पाच मिलिमीटर शिसं लागतं. एप्रन काढून ठेवा आणि लांब उभे राहा.

जुना तक्ता

इरिडियमचं अर्धायुष्य 74 दिवस, म्हणजे तेवढ्यात सोर्सची ताकद निम्मी होते. गेल्या महिन्याची एक्स्पोजरची वेळ या महिन्यात वापरली तर फिल्म फिकट येते, परत शॉट घ्यावा लागतो, म्हणजे परत डोस. उरलेल्या ताकदीचा तक्ता रोज बघा. उलट बाजूने, सोर्स जुना झाला म्हणून ढिले पडू नका. 20 क्युरीचा वर्षाने पाऊण क्युरीहून कमी उरतो, तरी 10 सेंटिमीटरवर तासाला 300 मिलिसिव्हर्ट देतो. संपलेला सोर्स स्टोअरमध्ये पडू द्यायचा नाही, पुरवठादाराकडे रीतसर परत.

शॉट काढलेल्या कास्टिंगला घाबरणं

कामगार त्या कास्टिंगला हात लावायला कचरतात. दिवा मालवला की भिंतीत उजेड उरत नाही, तसंच हे. इरिडियमचे गॅमा किरण लोखंडाला किरणोत्सारी करत नाहीत. बिनधास्त उचला.

कॅमेरा मोटारसायकलवर किंवा एसटीतून नेणं

नाही म्हणजे नाही.

भंगार न तपासता भट्टीत टाकणं

हे आरटीवाल्यांसाठी नाही, मालकांसाठी आहे. 2008 मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडलं, ते स्टील आपल्या देशातून गेलेलं. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचं जुनं कोबाल्टचं यंत्र भंगारात आलं, कापलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं आहे, एकदा वितळलं की हीट (भट्टीतला तो सगळा रस), स्लॅग, भट्टीचं अस्तर सगळं खराब. भंगाराची गाडी आली की यार्डात उतरवण्याआधी मीटर फिरवा. आकाराच्या मानाने फार जड नळकांडं, आत शिसं, किंवा किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह दिसलं तर गॅस कटर लांब ठेवा, माणसं बाजूला काढा, आणि पोलिसांना व एईआरबीला कळवा. गाडी तिथेच उभी राहू दे.