रूट सर्टिफिकेट एक्स्पोर्ट करताय? या चुका टाळा

परवा भर पावसात एक काका विंडोज सेव्हनचा सीपीयू पोत्यात गुंडाळून रिक्षातून आमच्या मालवणच्या दुकानात घेऊन आले. "अरे काल चलत होतां, आज खयची पण साइट उघडूक गेलंय तर लाल कायतरी येतां." बघितलं तर घड्याळात २००९ साल. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला, त्यात लाइट गेली की तारीख मागे जाणारच, आणि तारीख चुकली की साइटचं चांगलं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, पण खोटं ठरतं. म्हणून आधी घड्याळ बघा, मग बाकीचं.

सेल बदलल्यावर बऱ्याच साइट उघडल्या, काही नाहीच. कारण रूट, म्हणजे ज्याच्या भरवशावर कॉम्प्युटर साइटचं सर्टिफिकेट खरं मानतो ते मूळ सर्टिफिकेट. साइटना फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट ज्याच्यावर चालायचं ते जुनं रूट डीएसटी रूट सीए एक्स३ ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, आणि ह्या मशीनवर अपडेट कायम बंद, त्यामुळे नवीन आयएसआरजी रूट एक्स१ आलंच नव्हतं. ते दुकानातल्या विंडोज टेनवरून काढून पेनड्राइव्हने दिलं.

ते काढायला सर्टिफिकेट मॅनेजर उघडायचा, ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज, त्यात सर्टिफिकेट्स, हव्या त्या रूटवर राइट क्लिक, ऑल टास्क्स, एक्स्पोर्ट. लोक घाईत वरच्या पर्सनल फोल्डरमध्ये घुसतात आणि स्वतःचंच सर्टिफिकेट उचलतात. एक्स्पोर्टच्या विझार्डने प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) पाहिजे का असं विचारलं ना, की समजा चुकीच्या घरात शिरलात, रूटची प्रायव्हेट की आपल्याकडे नसतेच. एकाने अशी प्रायव्हेट की असलेली पीएफएक्स फाइल पासवर्डसकट व्हॉट्सॲपला टाकली होती, म्हणजे घराची चावी एसटी स्टँडवर ठेवून आल्यासारखं.

फॉरमॅटमध्ये पण गोंधळ होतो. डीईआर (बायनरी) आणि बेस-६४ (साध्या अक्षरांतलं) दोघांचं एक्स्टेन्शन सीईआरच, वरून फरक कळत नाही. नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्या ओळीत बिगिन सर्टिफिकेट दिसलं तर बेस-६४, नुसता कचरा दिसला तर डीईआर. विंडोजला दोन्ही चालतात, उबंटू लिनक्सवर न्यायचं असेल तर बेस-६४च घ्या आणि एक्स्टेन्शन सीआरटी करा, नाहीतर ते फाइलकडे बघत पण नाही.

हवं ते रूट यादीत नसेल तर घाबरू नका, विंडोज सगळी रूटं आधीपासून भरून ठेवत नाही, लागेल तसं उतरवतं. तेव्हा ते ज्याचं आहे त्याच्याच अधिकृत साइटवरून घ्या, कुणाच्या ड्राइव्हच्या लिंकवरून नको. आणि सगळी यादी सिलेक्ट करून दुसरीकडे ओतू नका हो! त्यात अँटिव्हायरसने नाहीतर ऑफिसच्या फायरवॉलने घुसवलेलं रूट पण असू शकतं, आणि त्याची की ज्याच्याकडे तो तुमचं ट्रॅफिक मधेच उघडून वाचू शकतो.

इम्पोर्ट करताना स्टोअर, म्हणजे सर्टिफिकेट ठेवायचा कप्पा, स्वतः निवडा, ऑटोमॅटिकवर सोडलं तर रूट कधीकधी इंटरमीजिएटमध्ये, म्हणजे मधल्या सर्टिफिकेटांच्या कप्प्यात, जाऊन बसतं आणि मग 'टाकलंय तरी चालत नाही'. करंट यूजरमध्ये टाकलं तर दुसऱ्या लॉगिनला मिळत नाही, लोकल मशीनमध्ये टाका. नंतर डिटेल्समधला थंबप्रिंट, म्हणजे सर्टिफिकेटचा आकडे-अक्षरांतला ठसा, दोन्ही मशीनवर जुळवा, मी तर शेवटचे आठ आकडे-अक्षरं मोठ्याने वाचतो, पोरगा समोर बघून हो म्हणतो.

काकांनी जाताना विचारलं, "ह्यां मोबाइलात पण घालूया?" घालता येतं, पण अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप आपण टाकलेलं रूट मानतच नाहीत. त्यापेक्षा फोनचा अपडेट करा म्हटलं.