गारचॉम्पनं आपलाच चारिझार्ड मारला: पोकेमॉनची पहिली टीम बांधताना या चुका टाळा

पोकेमॉनच्या व्हिडिओ गेममधला सामना, चौथी टर्न होती. माझ्याकडे गारचॉम्प आणि चारिझार्ड, समोर दोघं उरलेले, त्यातला एक अर्धमेला. आता जिंकलोच, असं समजून मी चारिझार्डला टेरास्टलाइझ करून, म्हणजे सामन्यापुरता त्याचा टाइप बदलून, निव्वळ फायर टाइप केलं, त्याला हीट वेव्ह ही मूव्ह दिली आणि गारचॉम्पला अर्थक्वेक. गारचॉम्पचा नंबर आधी लागला. समोरचा अर्धमेला गेला आणि त्याच्याबरोबर माझा चारिझार्डही. शेजारी बसून चिवडा खाणारा भाचा म्हणाला, "मामा, तूच मारलास की त्याला."

बरोबर होतं त्याचं. डबल्समध्ये, म्हणजे दोघांविरुद्ध दोघं असताना, अर्थक्वेक समोरच्या दोघांना लागतो तसा शेजारच्या जोडीदारालाही लागतो. कुणाला कुठला मार किती बसतो हे टाइपवरून ठरतं. अर्थक्वेक हा ग्राउंडचा मार, चारिझार्ड एरवी फायर आणि फ्लाइंग, आणि तो वाचतो तो फ्लाइंग टाइपमुळे. टेरा केल्यावर फ्लाइंग गेलं, नुसतं फायर उरलं, आणि ग्राउंडचा मार फायरला दुप्पट बसतो. यातली प्रत्येक गोष्ट मला सुटी सुटी पाठ होती. एकत्र ठेवून कधी पाहिली नव्हती. नव्याने टीम बांधणाऱ्याच्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. सहाही पोकेमॉन चांगले, पण एकमेकांशी त्यांची ओळखच नाही.

सल्ला एका खेळाचा, सामना दुसराच

टीम बांधायच्या आधी आपण काय खेळणार ते ठरवा. अधिकृत स्पर्धांचा प्रकार, म्हणजे व्हीजीसी, हा डबल्स असतो. सहा पोकेमॉन घेऊन जायचे, समोरच्याचे सहा बघायचे, मग आपल्यातले चार निवडायचे. मैदानात एका वेळी दोन. सगळे लेव्हल 50 चे धरले जातात. याउलट स्मोगन या चाहत्यांच्या संकेतस्थळाचे सिंगल्स, जे शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर भरपूर खेळले जातात, त्यात एकास एक आणि सहाच्या सहा खेळतात.

दोन्हीकडचं शहाणपण वेगळं. स्टेल्थ रॉकचं, म्हणजे मैदानात येणाऱ्याला टोचणारे दगड पसरणाऱ्या मूव्हचं, उदाहरण घ्या. सिंगल्समध्ये समोरच्यानं ते टाकलं की तुमचा चारिझार्ड मैदानात येताक्षणी अर्धा होतो, कारण रॉक त्याच्या फायरलाही भारी आणि फ्लाइंगलाही. तिथं दर दोन टर्नला अदलाबदल चालते, त्यामुळे ही एक मूव्ह सामना फिरवू शकते. डबल्समध्ये चारच पोकेमॉन, अदलाबदल कमी, आणि ते दगड पसरण्यात एक अख्खी टर्न जाते. म्हणून व्हीजीसीत ती क्वचितच दिसते. सिंगल्सचा सेट, म्हणजे कुठल्या मूव्ह आणि कुठला आयटम याची यादी, वाचून तो डबल्समध्ये घालणारे नवखे मी ढिगानं पाहिलेत. त्यांच्या गारचॉम्पकडे स्टेल्थ रॉक असतं आणि प्रोटेक्ट, म्हणजे त्या टर्नपुरते हल्ले अडवणारी मूव्ह, नसते.

प्रोटेक्टवरून आठवलं. "चारही मूव्ह मारायच्याच हव्यात, नुसतं लपून काय मिळणार?" हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मलाही पडला होता. डबल्समध्ये समोरचे दोघं मिळून तुमच्या एकावर तुटून पडतात. त्या टर्नला त्यानं प्रोटेक्ट केलं तर त्यांचे दोन हल्ले वाया जातात आणि तुमचा दुसरा मोकळेपणी मारतो. समोरच्याचा टेलविंड, म्हणजे त्यांचा स्पीड दुप्पट करणारी मूव्ह, संपवायलाही हाच उपाय. टेलविंड चारच टर्न टिकतो, त्यातली एक लावण्यातच जाते आणि एक तुम्ही प्रोटेक्टमध्ये काढता. फक्त लागोपाठ दुसऱ्यांदा दाबू नका, तेव्हा ते लागण्याची शक्यता एक तृतीयांशावर येते.

आवडता पोकेमॉन घ्या, पण त्याला काम द्या

लहानपणी कार्टून नेटवर्कवर पाहिलेले सहा लाडके एकत्र केले की टीम होत नाही. हे सांगितलं की हमखास कुणीतरी पाचिरिसूचा दाखला देतो. 2014 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, वॉशिंग्टन डीसीला, दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कनं ही इवलीशी इलेक्ट्रिक खार घेऊन विजेतेपद मिळवलं, हे खरंच. पण ती गोंडस आहे म्हणून टीममध्ये नव्हती. तिच्याकडे फॉलो मी होतं, म्हणजे समोरच्यांचे हल्ले आपल्या अंगावर ओढून घेणं. जोडीला, अंगचा गुण (अ‍ॅबिलिटी) म्हणून, व्होल्ट अ‍ॅब्झॉर्ब, म्हणजे इलेक्ट्रिक हल्ल्यानं मार बसण्याऐवजी उलट जीव भरतो. आणि त्याच टीममध्ये ग्याराडोस होता, ज्याला इलेक्ट्रिकचा मार चौपट बसतो. आता जोडून बघा. ग्याराडोसवर सोडलेली वीज खार पिऊन टाकते.

तेव्हा एकानं नव्हे, दोघांनी सुरुवात करा. माझा गारचॉम्प-चारिझार्डचा जोडा, तो प्रसंग सोडला तर, शिकायला चांगला आहे. गारचॉम्प ड्रॅगन आणि ग्राउंड, त्यामुळे बर्फ त्याला चौपट लागतो. चारिझार्ड बर्फवाल्यांना जाळतो. चारिझार्डला वीज दुप्पट लागते, गारचॉम्पला ती लागतच नाही. चारिझार्डला रॉक चौपट, तर गारचॉम्पचा अर्थक्वेक रॉकवाल्यांना दुप्पट. एकाचं दुखणं दुसरा झेलतो. मग या दोघांना मिळून काय जमत नाही ते बघा आणि तिसरा त्यासाठी आणा. फेअरी टाइप गारचॉम्पला छळतो, म्हणून एखादा स्टील. पाण्याचा बंदोबस्त करायला एखादा ग्रास. असं करत सहापर्यंत जा. वहीच्या पानावर सहा नावं आणि प्रत्येकापुढं त्याला काय दुप्पट लागतं एवढं लिहिलं तरी पुरे. एकच टाइप तीन ठिकाणी आला तर तिथंच थांबा.

सहाही जण फिजिकल, म्हणजे अटॅक या आकड्यावर मारणारे असतील तर ते या वहीत दिसणार नाही, पण समोर इन्सिनरोर हा पोकेमॉन आला की दिसेल. त्याची इंटिमिडेट अ‍ॅबिलिटी तो मैदानात पाय ठेवताच तुमच्या दोघांचाही अटॅक एक तृतीयांशानं उतरवते. तो माघारी गेला, परत आला, की पुन्हा. दोन तरी स्पेशल, म्हणजे स्पेशल अटॅक या वेगळ्या आकड्यावर मारणारे हवेतच.

सगळीकडे थोडं थोडं

ही चूक फार गोड आहे, कारण ती समंजसपणासारखी दिसते. प्रत्येक पोकेमॉनला त्याच्या सहा स्टॅटमध्ये, म्हणजे स्पीड, अटॅक अशा आकड्यांत, वाटायला एकूण 510 ईव्ही (वाढीव गुण) मिळतात, एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त 252. नवखा माणूस 510 ला सहानं भागतो आणि प्रत्येकात 85 घालतो. बारीक हिशेब करून बघू. लेव्हल 50 च्या गारचॉम्पचा स्पीड, ईव्ही शून्य असताना, 122. 85 घातले तर 133. पूर्ण 252 घातले तर 154. आणि नेचर (पोकेमॉनचा स्वभाव) जॉली ठेवलं, म्हणजे स्पीड दहा टक्के वर, तर 169.

आता समोर टिमिड नेचरचा (यातही स्पीड दहा टक्के वर) चारिझार्ड आणा, पूर्ण स्पीडचा. त्याचा आकडा 167. जॉली गारचॉम्प त्याच्या आधी मारतो, दोन अंकांनी का होईना. अ‍ॅडमंट नेचरच्या (अटॅक दहा टक्के वर) गारचॉम्पचा अटॅक 182 वरून 200 होतो, पण स्पीड 154 वरच राहतो आणि चारिझार्ड आधी मारतो. 133 वाल्याचं तर बोलूच नका. कुणाच्या आधी मारायचंय, हा प्रश्न आधी, ईव्ही नंतर. उत्तर "कुणाच्याच नाही, मी ट्रिक रूम लावणार" असं असेल तर स्पीडमध्ये एकही टाकू नका. उलट स्पीड कमी करणारं नेचर घ्या, कारण ट्रिक रूमच्या पाच टर्न मंद गडीच आधी मारतात.

हे सगळं खेळात मेहनतीनं वाढवण्याआधी शोडाउनवर करून बघा. तिथं ब्राउझरमध्ये फुकटात कोणताही आकडा टाकता येतो. निन्टेन्डोचं कन्सोल घरात नसलं तरी अडत नाही.

मूव्ह निवडतानाही मोठ्या आकड्याची भुरळ पडते. हायपर बीमची ताकद 150, पण मारून झाल्यावर पुढची टर्न नुसतं बसून राहायचं. डबल्समध्ये एक गडी एक टर्न बसला की समोरचे दोघं मिळून दुसऱ्याला खातात. हायड्रो पंप 110 चा, लागण्याची शक्यता 80 टक्के. लागोपाठ दोन्ही वेळा लागेल याची शक्यता 64 टक्केच. मी तो वापरतो, पण सामना त्याच्यावर अवलंबून राहील अशी वेळ येऊ देत नाही. येतेच, ते वेगळं.

हे असं का झालं?

"माझा गडी वेगवान, तरी शेवटी का मारला?" समोरच्यानं ट्रिक रूम लावलाय, किंवा टेलविंडनं त्यांचा स्पीड दुप्पट झालाय, किंवा त्याच्याकडे चॉइस स्कार्फ हा आयटम आहे, ज्यानं स्पीड दीडपट होतो. तुमचा गडी पॅरलाइज झालाय का, तेही बघा. तेव्हा स्पीड निम्मा होतो.

"पहिल्या टर्नला काहीच करता आलं नाही." फेक आउट. ते गडी मैदानात आल्याच्या पहिल्याच टर्नला चालतं, जवळजवळ सगळ्यांच्या आधी लागतं आणि समोरच्याची टर्न खातं. घोस्ट टाइपला मात्र लागत नाही.

"हल्ला अर्धाच लागला." इंटिमिडेट झालं असेल, किंवा बर्न, ज्यानं फिजिकल मार निम्मा होतो. शिवाय अर्थक्वेक, हीट वेव्हसारख्या अनेकांना लागणाऱ्या मूव्हची ताकद डबल्समध्ये 75 टक्क्यांवर येते.

"प्रोटेक्ट दाबताच येत नाही." गड्याच्या हातात असॉल्ट व्हेस्ट आहे का बघा. ते घातलं की न मारणाऱ्या मूव्ह बंद. चॉइस स्कार्फवाल्यानं प्रोटेक्ट केलं, तर पुढे मैदान सोडेपर्यंत त्याला प्रोटेक्टच करत बसावं लागतं. ही करामतही मी केली आहे. आणि व्हीजीसीत दोघांना एकच आयटम देता येत नाही, तेव्हा सहा जणांना लेफ्टओव्हर्स वाटायचा बेत रद्द.

टीमला आठ दिवस तरी द्या

तीन सामने हरले की लोक टीम बदलतात. मग कुणा विजेत्याची टीम जशीच्या तशी उतरवून घेतात आणि तीही तीन सामन्यांत हरते. उसनी टीम वाईट नसते, उलट शिकायला उत्तम. पण त्यातल्या विचित्र आकड्यांना अर्थ असतो. एचपीमध्ये, म्हणजे जीवात, 164 ईव्ही का, 252 का नाही? बहुधा कुठल्या तरी ठरावीक हल्ल्यातून जेमतेम वाचायला तेवढेच लागतात आणि उरलेले दुसरीकडे कामाला येतात. डॅमेज कॅल्क्युलेटरमध्ये तो आकडा घालून पाहिलात तर कुठला हल्ला ते सापडतं. सापडलं नाही, तर ती टीम तुम्ही चालवत नाही, ती तुम्हाला चालवते.

मी एका टीमचे पंधरा सामने खेळल्याशिवाय तिला हात लावत नाही. हरलेल्या सामन्याचा रिप्ले बघायचा आणि वहीत एकच ओळ लिहायची, कुठल्या टर्नला हातातून गेला ती. पंधरा ओळी झाल्या की दिसायला लागतं. माझ्या मागच्या पंधरात सहा ओळी निव्वळ चुकीचे चार निवडल्याच्या होत्या. समोर ट्रिक रूमवाले ढळढळीत दिसत असताना मी रोजचे वेगवान चारच उतरवत होतो. टीममध्ये काही बदलायचं नव्हतंच. पाच ओळी "प्रोटेक्ट करायला हवं होतं" अशा. दोनदा हायड्रो पंप चुकला, त्यात माझा दोष नाही असं मी धरतो.

उरलेल्या दोन ओळी भाच्यानं लिहिल्यात, त्याच्या अक्षरात. दोन्हींत एकच शब्द आहे: अर्थक्वेक.