जुन्या वाहनांच्या लोखंडी भागांवरील गंज कसा काढावा

जुन्या वाहनाचे भाग सुटे करून समोर मांडले की हात आधी वायर ब्रशकडे जातो. तो थोडा वेळ आवरावा. गंज वरून येऊन बसलेला नसतो. तो एकेकाळी त्याच भागाचे लोखंड होता आणि पाणी व हवेतील ऑक्सिजन यांच्याशी संयोग होऊन आता कायमचा निकामी झाला आहे. हरवलेले लोखंड परत येत नाही, त्यामुळे खाली उरलेले शाबूत लोखंड कमीत कमी झिजवून गंज उतरवणे, हेच या कामातले खरे कौशल्य आहे. जी पद्धत सर्वांत सौम्य असूनही पुरेशी पडते ती निवडावी, आणि कठोर उपायाकडे नाइलाज झाल्यावरच वळावे.

गंजावर थेट रंग का चालत नाही, तेही आधी समजून घ्यायला हवे. ज्या लोखंडापासून गंज तयार होतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो. म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात आणि जवळचा रंग उचलला जातो. शिवाय हा थर सच्छिद्र असल्याने ओलावा धरून ठेवतो, आणि त्यात मीठ शिरलेले असेल तर रंगाखालीही गंजण्याची क्रिया चालूच राहते.

आधी धातू ओळखा आणि भाग वाचण्याजोगा आहे का ते पाहा

प्रत्येक भागाला चुंबक लावून पाहावे. कार्ब्युरेटरचे शरीर, इंजिनाची झाकणे, काही हँडल व चिन्हे अॅल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. त्यांना चुंबक चिकटत नाही आणि त्यांच्यावरची पांढरट भुकटी हा लोखंडाचा गंज नव्हे. असे भाग पुढे सांगितलेल्या कोणत्याही द्रावणात टाकू नयेत, कारण आम्लाने त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो आणि सोड्याच्या तीव्र द्रावणातही अॅल्युमिनियम विरघळू लागते. चुंबक चिकटला तरी भागावर जस्ताचा मुलामा आहे का ते पाहावे. पिवळसर किंवा राखाडी चकाकी असलेले बोल्ट आणि पट्ट्या आम्लात ठेवल्या की गंजाबरोबर तो मुलामाही उतरतो, आणि नंतर त्यांना नवा मुलामा किंवा रंग द्यावाच लागतो.

यानंतर भागाची ताकद तपासावी. पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरचे टोक जरा जोर देऊन फिरवावे. टोक आत गेले तर तिथे गंज काढण्यासारखे काही उरलेले नाही, तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे दांडे, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा यांच्यावर खोल खड्डे पडले असतील, तर ते भाग कितीही चकचकीत होत असले तरी बदलावेत. ज्या भागावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तिथे जुन्या मूळ भागाचा मोह ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाग सुटे करणे आणि जाम झालेले बोल्ट

उघडण्यापूर्वी प्रत्येक जोडाची छायाचित्रे घ्यावीत आणि नट-बोल्ट भागवार वेगळ्या डब्यांत ठेवावेत. जाम बोल्टवर पान्ह्याने एकदम ताकद लावली की डोके तुटते आणि दहा मिनिटांचे काम दिवसभराचे होते. आट्यांच्या तोंडाशी भेदक तेल, म्हणजे बारीक फटींत झिरपणारे पातळ तेल, सोडावे, हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि काही तास, शक्य असल्यास रात्रभर, तसेच राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल सोडून बोल्ट आधी किंचित आवळावा आणि मग सैल करावा. आवळल्याने आट्यांतील गंजाची पकड मोडते. सर्वांच्या परिचयाचे डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली मुळात धातूवरील पाणी हटवण्यासाठी तयार झाले होते; हलक्या जामावर ते चालते, पण हट्टी बोल्टसाठी खास भेदक तेलच अधिक उपयोगी पडते.

नटाला उष्णता दिली तर तो प्रसरण पावून सैल होतो, हे खरे आहे. पण पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या, रबर आणि शॉक अॅब्सॉर्बर यांच्याजवळ ज्योत नेऊ नये, आणि भेदक तेलाने भिजलेल्या जागेवर ते पुसल्याशिवाय तर मुळीच नाही.

इथेच दोन धोके सांगितले पाहिजेत. जुन्या ब्रेक शूजमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस वापरले जात असे, म्हणून ब्रेक ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये आणि कोरडी झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा आणि बारीक धूळ अडवणारा मास्क वापरावा.

तेलकटपणा काढणे

ही पायरी सर्वाधिक टाळली जाते आणि सर्वाधिक अपयश तिच्यामुळेच येते. ग्रीसच्या थराखाली आम्ल पोहोचत नाही, त्यामुळे द्रावणात दिवसभर ठेवूनही भाग ठिपक्याठिपक्यांचा निघतो आणि दोष द्रावणाला दिला जातो. आधी साचलेला चिखल व ग्रीस खरवडून काढावे, मग रॉकेल किंवा डिझेल आणि ताठ ब्रश घेऊन खाचाखोचा धुवाव्यात, आणि शेवटी गरम पाणी व भांडी घासण्याचा द्रव वापरून तो तेलकट अंशही काढावा. पेट्रोलने भाग धुण्याची सवय मात्र सोडावी. त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेटते. भाग खरोखर स्वच्छ झाला का हे पाहण्याची साधी खूण आहे: त्यावर पाणी ओतावे. पाणी थेंबाथेंबांनी तुटत असेल तर तेल बाकी आहे. सलग पातळ पडद्यासारखे पसरले तर पुढे जावे.

घासून काढणे

सुटे पापुद्रे नेहमी हातानेच काढावेत, पुढे कोणतीही पद्धत वापरायची असली तरी. खरवडणीने आणि वायर ब्रशने जेवढे निघते तेवढे काढले की द्रावणाचे काम निम्म्यावर येते. सपाट, जाड भागांना ८० क्रमांकाच्या सँडपेपरपासून सुरुवात करून १२० आणि मग २४० पर्यंत जावे. पातळ पत्र्यावर मात्र ग्राइंडरची चकती जपून वापरावी, कारण ती गंजाइतक्याच वेगाने चांगला पत्राही खाते. ड्रिलला लावलेल्या वायरच्या चाकाचा आणखी एक तोटा असा की ते खड्ड्यांतील गंज उचलण्याऐवजी त्याला घासून चकाकी आणते. भाग साफ दिसतो आणि खड्ड्यात गंज तसाच राहतो. त्या चाकाच्या तुटलेल्या तारा सुईसारख्या उडतात, म्हणून डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा हवाच.

वाळूचा मारा करून घेणार असाल, तर साध्या वाळूऐवजी काचेचा चुरा किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड वापरणारा कारागीर निवडावा. सिलिका असलेल्या वाळूच्या धुळीने फुप्फुसाचा सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. माऱ्याने मोठे, पातळ पत्रे वाकडे होतात आणि बेअरिंगमध्ये कण शिरतात, हेही ध्यानात ठेवावे.

भिजवून काढणे

लहान आणि मध्यम भागांसाठी माझी पहिली पसंती सायट्रिक अॅसिडला, म्हणजेच लिंबूसत्त्वाला आहे. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम भुकटी विरघळवावी आणि प्लास्टिकच्या भांड्यात भाग पूर्ण बुडेल असा ठेवावा. दर तासाभराने बाहेर काढून ब्रशने घासून पाहावे. हलका गंज दोन ते चार तासांत सुटतो, जाड थराला रात्रभर लागू शकते. गंज संपल्यावरही आम्ल थांबत नाही, ते मग धातू खाऊ लागते. म्हणून द्रावणात टाकून विसरून जाणे ही यातली मोठी चूक आहे. दुसरी चूक म्हणजे भाग अर्धवट बुडवणे. द्रावणाच्या पातळीवर, जिथे हवा आणि आम्ल एकत्र मिळतात, तिथे धातूवर कोरल्यासारखी रेघ पडते आणि ती पुढे कशानेही जात नाही.

सुमारे ५ टक्के अॅसेटिक आम्ल असलेले साधे पांढरे व्हिनेगरही हेच काम १२ ते २४ तासांत करते, फक्त हळू आणि उग्र वासासह. वेळ भरपूर असेल आणि भाग मोठा व नाजूक असेल, तर मळी वापरावी. साखर तयार करताना उरणाऱ्या या चिकट द्रवाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे मिश्रण एक ते तीन आठवड्यांत गंज अलगद सोडवते. ते आंबते, फेसाळते आणि वास मारते, म्हणून भांडे घराबाहेर ठेवावे. पण चांगल्या पोलादाला इतके सांभाळणारे दुसरे स्वस्त द्रावण मला माहीत नाही.

हायड्रोक्लोरिक आम्ल झटपट काम करते, तरी घरी वापरू नये. त्याची वाफ श्वासाला घातक असते आणि जवळ ठेवलेल्या चांगल्या हत्यारांनाही गंज आणते. कोणतेही आम्ल ब्लीचमध्ये मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

विजेच्या साहाय्याने

ज्या भागाचा आकार किचकट आहे आणि ज्याचे चांगले लोखंड जराही झिजू द्यायचे नाही, त्याच्यासाठी विद्युत अपघटन ही उत्तम पद्धत आहे. प्लास्टिकच्या टबात दर लिटर पाण्याला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. टबाच्या कडेने साध्या लोखंडाचा टाकाऊ पत्रा उभा करून त्याला १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचे धन टोक जोडावे आणि गंजलेल्या भागाला ऋण टोक. ही जोडणी उलटी झाली तर आपलाच भाग झिजू लागतो, म्हणून चालू करण्यापूर्वी दोनदा तपासावी. भाग आणि पत्रा एकमेकांना लागू देऊ नयेत. भागावरून बुडबुडे येऊ लागले की काम सुरू झाले असे समजावे. ते काही तासांपासून एका दिवसापर्यंत चालते. पत्र्याच्या समोर असलेली बाजू आधी साफ होते, त्यामुळे भाग मधूनमधून फिरवावा.

स्टेनलेस स्टीलचा पत्रा कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियमची संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठही घालू नये, त्याने क्लोरीन निघतो. भागावरून येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि तो ज्वालाग्राही आहे, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नयेत.

आम्ल असो वा वीज, स्प्रिंगा आणि अतिकठीण पोलादाचे बोल्ट या दोन्हींपासून दूर ठेवावेत. हायड्रोजन अशा पोलादात शिरून ते ठिसूळ करतो, आणि वरून निर्दोष दिसणारा बोल्ट पुढे ताणाखाली अचानक तुटतो. त्यांना हातानेच घासावे किंवा नवे घ्यावे.

टाकी आणि क्रोमचे भाग

रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. तिच्यावर वेल्डिंग, ज्योत किंवा विजेचा प्रयोग करू नये. टाकी वाहनापासून उतरवून, कॉक आणि फ्लोट काढून, साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुवावी. मग आत साखळीचा तुकडा टाकून हलवावी, म्हणजे पापुद्रे सुटतात. सुटे नट टाकले तर ते मोजून टाकावेत आणि मोजून काढावेत. यानंतर सायट्रिक अॅसिडचे द्रावण काठोकाठ भरावे, म्हणजे वरची बाजूही भिजते.

क्रोमवर खरखरीत काहीही चालवू नये. अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला की वरचा गंज निघतो. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. मुलामाच सोलून निघाला असेल, तर तो नव्याने देण्यावाचून इलाज नाही.

गंज निघाल्यानंतरचा पहिला तास

उघडे पडलेले ताजे लोखंड काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. म्हणून भाग द्रावणातून काढण्यापूर्वी पुढची सर्व तयारी हाताशी असावी. आम्लातून काढलेला भाग पाण्याने धुवावा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात काही मिनिटे बुडवावा आणि पुन्हा स्वच्छ गरम पाण्याने धुवावा, कारण सोडा राहिला तर रंग नीट धरत नाही. विद्युत अपघटनानंतर जो काळा मऊ थर राहतो तो ब्रशने लगेच निघतो. भाग तत्काळ पुसून गरम हवेने खाचांसह कोरडा करावा. बिडाचे भाग सच्छिद्र असतात, त्यांना वाळायला जास्त वेळ द्यावा.

खड्ड्यांत काळपट गंज उरलाच, तर तिथे फॉस्फरिक आम्लाचे किंवा टॅनिक आम्लाचे गंज-परिवर्तक लावावे. ते उरलेल्या गंजाचे स्थिर, काळसर संयुगात रूपांतर करते. जाड पापुद्र्यांवर ते लावून काम उरकू नये, कारण ते वरच्या थरापलीकडे पोहोचत नाही.

रंगवायच्या भागावर त्याच दिवशी प्रायमर द्यावा. पत्र्यासाठी इपॉक्सी प्रायमर ओलावा अधिक चांगला अडवतो. बेअरिंगच्या बैठका, आटे आणि एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग रंगवू नयेत, त्यांना तेल किंवा ग्रीस लावावे. टाकी वाळल्यावर लगेच वापरायची नसेल, तर आत थोडे इंजिन ऑइल घालून सर्व बाजूंनी फिरवावे. जोडणी करताना बोल्टच्या आट्यांना जाम न होऊ देणारे ग्रीस लावावे, आणि दारांच्या व चासीच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे तारेने मोकळी करून घ्यावीत. पुष्कळदा पत्रा आतून कुजतो तो ही छिद्रे चिखलाने बुजल्यामुळेच.