पाककृतीचं पुस्तक घेताय? आधी अनारसे उघडा

चकचकीत फोटो पाहून पुस्तक घ्यायचं आणि घरी आल्यावर कळायचं की कृतीत 'पीठ नीट भिजवा' एवढंच लिहिलंय. माझ्याकडे अशी तीन पडून आहेत.

आता दुकानात उभ्या उभ्या एकच करते. नवा पदार्थ न बघता, स्वतःला चांगला येतो तोच काढते. माझा अनारसे.

१. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायला सांगितलंय का?
२. गुळाचं प्रमाण वजनात आहे, की 'अंदाजे'?
३. अनारसा तुपात हसला, म्हणजे तळताना विरून पसरला, तर काय करायचं? (थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळायची.) हे लिहिणाऱ्या बाईंनी स्वतः अनारसे तळलेत, एवढं नक्की. माझ्यासाठी इथेच निकाल लागतो.

तुम्हाला अनारसे येत नसतील तर चकली, आमटी, काहीही चालेल.

फक्त पहिली पानं चाळून 'वाटी' म्हणजे किती ग्रॅम किंवा मिली, ते बघून घ्या. आमच्याच घरात तीन मापांच्या वाट्या आहेत.