चुनखडकातले जीवाश्म: या चुका टाळा

सर्वांत वाईट चूक जीवाश्म ॲसिडने साफ करण्याची, आणि ती अजून थांबत नाही.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाग नावाच्या गावाजवळचा गाठीदार चुनखडक सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदा खोऱ्यात शिरलेल्या उथळ समुद्रात साचला. त्यातली सी अर्चिनची (काटेरी, गोलसर समुद्री प्राण्याची) कवचं कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाची आणि भोवतालचा दगडही मुख्यतः कॅल्साइटचाच. ॲसिडला दोन्ही सारखेच. पुण्यातला एक विद्यार्थी तिथल्या शेताच्या बांधावरून, मालकाला विचारून, लिंबाएवढा सी अर्चिन घेऊन आला होता. पाठीवर पाच पाकळ्यांची नक्षी अर्धी दगडात, अर्धी बाहेर. मी सांगितलं, सुईने कोरायला महिना लागेल. त्याला प्रदर्शनाची घाई. हार्डवेअरच्या दुकानातून संडास धुवायचं ॲसिड आणून त्याने तो थेट बुडवला. फेस आला तेव्हा घाण निघतेय असं त्याला वाटलं. तो फेस विरघळणाऱ्या कवचाचाही होता. परत आला तेव्हा हातात गुळगुळीत गोळा उरला होता, पाकळ्यांचा मागमूस नाही. मला अजून हळहळ वाटते.

सौम्य ॲसिडचा एखादा थेंब खडक ओळखण्यापुरता, तोही मागच्या बाजूला. मी साधं पाणी, जुना मऊ टूथब्रश, भिंग आणि लाकडी मुठीत बसवलेली सुई वापरतो. चिकणमातीचा भाग असेल तर पाण्यातही भिजत ठेवत नाही, माती फुगते आणि नमुना तडकतो. रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही, कारण हात थकला की सुई घसरते.

चमक यावी म्हणून वॉर्निश लावू नका.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर शंख शोधू नका. तो थिजलेला लाव्हा आहे, पोकळ्यांतले पांढरे स्फटिक बहुधा झिओलाइट या खनिजाचे असतात. वाड्यातल्या शहाबादी फरशीतही शिंपले मिळणार नाहीत, तो चुनखडक कवचवाले प्राणी येण्याआधीचा. फरशीवर नेच्यासारखी काळी नक्षी दिसली तर ती मँगनीजची, पानाची नाही.

दुसरी मोठी चूक चिठ्ठीची. नमुने एकाच पिशवीत भरून आणायचे आणि घरी आल्यावर कुठला कुठून हे आठवत बसायचं. ठिकाण आणि थर माहीत नसलेला जीवाश्म अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. फोनमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका, फोटोत थर कळत नाही. मी उचलण्याआधीच वहीत गाव, नाला, खालून कितवा थर ते लिहितो, आणि तोच क्रमांक कागदावर लिहून नमुन्यासोबत गुंडाळतो. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र फक्त वही काढायची, दगड नाही.