परदेशी टेक्निकल डायरेक्टर आणताय? या चुका टाळा

1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फुटबॉलमध्ये भारताने जपानला 2-0 हरवलं आणि पुढे सुवर्णपदक जिंकलं. जपानने जर्मनीहून प्रशिक्षक डेटमार क्रामर यांना बोलावून तेव्हा दोन वर्षं झाली होती. या पराभवानंतरही क्रामर यांचं काम थांबलं नाही. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानने अर्जेंटिनाला 3-2 असा धक्का दिला. पुढच्या वर्षी क्रामर यांच्याच सल्ल्यावरून राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि 1968 मध्ये मेक्सिकोत कांस्यपदक आलं. त्या वेळी प्रशिक्षक होते केन नागानुमा, क्रामर यांच्यासोबत काम करून तयार झालेले. त्यांचे सहकारी शुनिचिरो ओकानो आणि ते स्वतः, दोघेही पुढे जपानी फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले. परदेशी माणूस आणायचा तो यासाठी.

भारताने 2011 मध्ये नेदरलँड्सचे रॉब बान, 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाचे स्कॉट ओडोनेल आणि 2019 मध्ये रुमानियाचे डोरू इसाक यांना टेक्निकल डायरेक्टर नेमलं. तिघेही जाणते. पण दर वेळी पाटी नव्याने पुसली गेली, आणि त्यात दोष माणसांपेक्षा नेमणुकीच्या पद्धतीचा जास्त होता असं माझं ठाम मत आहे.

सीनियर संघाच्या निकालावर त्याला तोलणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. मुख्य प्रशिक्षकाचं काम पुढचा सामना जिंकण्याचं. टेक्निकल डायरेक्टरचं काम दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना कोण शिकवतो, काय शिकवतो आणि त्यांना वर्षाला किती सामने मिळतात, हे बघण्याचं. आपल्याकडे ही दोन कामं बातम्यांत आणि बैठकांतही एकमेकांत मिसळली जातात.

फिफा क्रमवारीच बघा. मार्च 2015 मध्ये भारत 173 वा होता, जुलै 2017 मध्ये 96 वा. हे खेळाडू काही दोन वर्षांत घडले नव्हते. ते आधीच्या दहा-पंधरा वर्षांत क्लबांमध्ये आणि अकादम्यांमध्ये तयार झाले होते. त्यामुळे 173 चा दोष त्या वेळच्या टेक्निकल डायरेक्टरला देता येत नाही आणि 96 चं श्रेयही देता येत नाही.

मग मोजायचं काय? परवानाधारक प्रशिक्षक किती वाढले, तेरा वर्षांखालच्या मुलांना हंगामात किती सामने मिळाले, किती जिल्ह्यांत मुलींची लीग सुरू झाली. हे आकडे नेमणुकीच्या दिवशी नोंदवून ठेवा आणि दरवर्षी जाहीर करा. सुरुवातीचा आकडाच हाताशी नसेल तर चार वर्षांनी वाद घालण्यापलीकडे काही उरत नाही.

नाव बघून माणूस घेणं

बेल्जियमचे माजी टेक्निकल डायरेक्टर मिशेल साब्लोन यांचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. 2000 च्या युरोत यजमान बेल्जियम गटातच बाद झाला. त्यानंतर साब्लोन यांच्या देखरेखीखाली तिथलं मुलांचं फुटबॉल बदललं. लहानग्यांसाठी आधी दोनास दोन, मग पाचास पाच, मग आठास आठ असे छोटे सामने आले, म्हणजे प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागेल. सगळ्यात लहान गटांची गुणतालिका काढून टाकली. फळ दिसलं ते 2014 च्या आणि 2018 च्या विश्वचषकात, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळाने.

हेच साब्लोन 2015 मध्ये सिंगापूरला गेले. माणूस तोच, अनुभव तोच. पण बेल्जियममध्ये त्यांच्या मागे अँडरलेख्त, गेंक, स्टँडर्ड लिएज यांसारख्या क्लबांच्या अकादम्या होत्या. सिंगापूरमध्ये साधारण अठराव्या वर्षी मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेत जातो, दोन वर्षांसाठी. नेमका तेव्हाच, जेव्हा त्याला मोठ्या माणसांच्या लीगमध्ये रोज घासून घ्यायची गरज असते. आराखडा कितीही चांगला असला तरी ही दोन वर्षं तो परत आणू शकत नाही.

आपल्याकडची अशी अडचण दहावीची. पंधरा-सोळाव्या वर्षी, क्लास आणि बोर्डाच्या परीक्षेच्या काळात, कितीतरी मुलं मैदान सोडतात. त्यात मुंबई-कोकणात पावसाळ्याचे महिने मैदानं चिखलात. मुलाखतीत उमेदवाराला युरोपातली त्याची पदकं विचारू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आणि जून ते सप्टेंबर पाऊस असताना पंधरा वर्षांखालच्या मुलांचं वेळापत्रक कसं लावशील, हे विचारा. ज्याला हा प्रश्न रंजक वाटेल तो कामाचा.

आणि त्याला दिल्लीत बसवून ठेवू नका. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने शाहू स्टेडियमवर गर्दी खेचतात. पेठापेठांत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलेला. म्हणजे त्याच्या वाटेतला मोठा टप्पा राज्य सरकारच्या क्रीडा खात्याचा होता. ही वाट ज्याला माहीतच नाही तो तिची डागडुजी कशी करणार?

हाताखाली कोणी नसणं

ओडोनेल गेल्यावर आणि इसाक गेल्यावर, दोन्ही वेळा गोव्याचे सावियो मेडेरा यांनी हंगामी जबाबदारी सांभाळली. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू, राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक. असा माणूस घरात असताना त्याच्याकडे फक्त परदेशी डायरेक्टर निघून गेल्यावर वळायचं, हे मला पटत नाही. परदेशी डायरेक्टरच्या पहिल्याच दिवसापासून दोन देशी सहकारी त्याच्याबरोबर असावेत, पूर्ण पगारी, आणि करारातच लिहावं की चौथ्या वर्षी यांतला एक सूत्रं हाती घेईल. जपानने नागानुमा आणि ओकानो यांच्या बाबतीत जवळपास हेच केलं.

अधिकार आणि करार

राज्य संघटना मतं देतात तेव्हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे पदाधिकारी निवडून येतात, त्यामुळे राज्यांना सक्तीने काही सांगणं कोणालाच सोयीचं नसतं. बाहेरून आलेला डायरेक्टर तर पत्र पाठवण्यापलीकडे काही करू शकत नाही. उपाय एकच चालतो: राज्याला मिळणारा निधी वयोगटाच्या लीगमधल्या खेळल्या गेलेल्या सामन्यांशी बांधा आणि सामने झाले की नाही हे तपासायचा अधिकार डायरेक्टरला द्या.

कराराबद्दल थोडक्यात. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना जून 2024 मध्ये काढल्यावर महासंघाला सुमारे 4 लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. करार किती रकमेत आणि कोणत्या कारणांनी संपेल हे सहीआधी वकिलाकडून लिहून घ्या.

नेमणूक झालीय आणि गाडी अडलीय?

आधी त्याची डायरी बघा. महिन्यातले बहुतेक दिवस राष्ट्रीय शिबिरात आणि पत्रकार परिषदांत जात असतील, तर तो नकळत दुसरा प्रशिक्षक झालाय; सीनियर संघाच्या निवडीतून त्याला बाहेर काढा. आराखडा तयार आहे पण राज्यं हलत नाहीत असं असेल, तर सगळ्या देशाचा हट्ट सोडा आणि तयार असलेल्या तीन-चार राज्यांत दोन हंगाम पूर्ण राबवा. प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम होतात पण मैदानावर फरक दिसत नाही, तर अभ्यासक्रम कोणत्या भाषेत चालतो ते तपासा. सांगली-सोलापूरच्या शाळेतला क्रीडाशिक्षक इंग्रजी स्लाइड्स मान डोलावत बघतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांना पुन्हा मैदानाला चकरा मारायला लावतो. त्याला मराठीत शिकवणारा प्रशिक्षक तयार करणं हे डायरेक्टरच्या पहिल्या वर्षाच्या कामांत लिहिलेलं असायला हवं.