ट्रेन सिम्युलेटरसाठी नवा रेल्वेमार्ग आखताना

ट्रेन सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर रेल्वेगाडी चालवण्याच्या खेळात, स्वतःचा मार्ग उभारायचे मनात आले की बहुतेक जण थेट मार्ग बनवण्याचा एडिटर उघडतात, पहिले स्थानक मांडतात आणि जमीन नेईल तिकडे रूळ टाकत पुढे जातात. पंधरा किलोमीटर झाल्यावर मग लक्षात येते की पुढच्या स्थानकाची उंची जुळत नाही, लूप लाइन (दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी गाडी उभी करायचा बाजूचा रूळ) मालगाडीपेक्षा आखूड आहे आणि सुंदर दिसणाऱ्या त्या वळणावरून एक्स्प्रेस हव्या त्या वेगाने नेताच येत नाही. रूळ उखडून पुन्हा टाकणे एडिटरमध्ये सोपे असते, पण त्याभोवती बसवलेली जमीन, पूल, झाडे आणि सिग्नल हे सगळे त्याबरोबर मोडते. म्हणून मार्गाचा आराखडा आधी कागदावर पुरा व्हावा, आणि त्या आराखड्याची सुरुवात त्या मार्गावर गाड्या कोणते काम करणार आहेत या प्रश्नापासून व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी गाड्या, मग रूळ

वहीच्या पहिल्या पानावर मार्गाचे प्रयोजन दोन-तीन वाक्यांत लिहावे. उदाहरणार्थ: खाणीतून निघणारे खनिज बंदरापर्यंत न्यायचे आहे, त्याच एकेरी मार्गावरून दिवसातून काही पॅसेंजर गाड्या धावतात आणि मधल्या एका जंक्शनवर एक शाखा येऊन मिळते. एवढ्या मजकुरातून पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. भरलेल्या वाघिणी कोणत्या दिशेने जातात आणि रिकाम्या कोणत्या दिशेने परततात, कोणत्या स्थानकावर इंजिन फिरवावे लागते, कुठे समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांचे क्रॉसिंग होते आणि कुठे शंटिंग, म्हणजे डब्यांची जोडतोड आणि हलवाहलव, चालते, या प्रत्येक उत्तरातून चालवणाऱ्याला करण्यासारखे एकेक काम मिळते. ज्या मार्गावर हँडल पुढे करून फक्त बाहेर बघत बसायचे असते, तो कितीही देखणा असला तरी दुसऱ्यांदा चालवावासा वाटत नाही.

मार्ग प्रत्यक्षातला घ्यावा की काल्पनिक, हेही याच टप्प्यावर ठरवावे. प्रत्यक्षातल्या मार्गाची भूरचना आणि स्थानकांची मांडणी तयार मिळते, मात्र प्रत्येक तपशील पडताळत बसावे लागते. काल्पनिक मार्गात मोकळीक असते, पण ती बेबंद झाली की मार्ग खोटा वाटू लागतो. नवख्याला मी तिसरा पर्याय सुचवेन. खरा भूप्रदेश निवडावा, दोन खऱ्या गावांच्या मध्ये कधीच न बांधला गेलेला मार्ग कल्पावा आणि तो रेल्वेच्या अभियंत्याने जसा आखला असता तसा आखावा. जमीन खरी असल्यामुळे तीच आपल्याला शिस्त लावते.

लांबीचा मोह आवरावा. पहिल्या मार्गासाठी पंचवीस ते चाळीस किलोमीटर पुरेसे आहेत. सरासरी ४० किलोमीटर वेगाने चालणारी मालगाडी एवढ्या अंतरात, मधले थांबे धरून, तासभर सहज रमवते.

नकाशा आणि उंचीची माहिती

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला खुला नकाशा रस्ते, नद्या आणि विद्यमान रूळ पाहण्यासाठी उत्तम आहे. उंचीसाठी बहुतेक एडिटर एसआरटीएम या अंतराळातून केलेल्या मोजणीची माहिती वापरतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने रडारच्या साह्याने हे मोजमाप केले आणि त्यातून साधारण ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातील जमिनीची उंची सुमारे ३० मीटरच्या चौकटींमध्ये उपलब्ध झाली. या माहितीची मर्यादा सुरुवातीलाच समजून घ्यावी. रडारला दाट जंगलात जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दिसतात, अरुंद दरीचा तळ उथळ होऊन येतो आणि रेल्वेचे भराव व खोदाई तर ३० मीटरच्या चौकटीत हरवूनच जातात.

याचा परिणाम एका हिशेबात पाहता येतो. शेजारच्या दोन चौकटींच्या उंचीत फक्त ५ मीटरची चूक असली, तर ३० मीटरमागे ५ मीटर म्हणजे १:६ चा चढ तयार होतो आणि साधी रेल्वेगाडी तो चढूच शकत नाही. त्यामुळे जमिनीवर रूळ अंथरायचे नसतात. रुळांचा उभा छेद, म्हणजे कुठे किती उंचीवर रूळ असेल ती रेघ, आपण ठरवायचा असतो आणि त्याप्रमाणे जमीन कापून किंवा भर घालून जुळवायची असते. हा क्रम पाळला की खोदाई, भराव, पूल आणि बोगदे अगदी योग्य जागी आपोआप उगवतात, ते शोभेसाठी ठेवल्यासारखे वाटत नाहीत.

चढाचा हिशेब

माझ्या दृष्टीने आराखड्याचे हृदय इथे आहे, आणि यावर जितका वेळ द्याल तितका थोडा.

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर किलोमीटर आणि उभ्या अक्षावर मीटर घ्यावेत. समोच्चरेषांच्या नकाशावरून स्थानकांच्या उंच्या मांडाव्यात. समजा दोन स्थानकांमधले अंतर १२ किलोमीटर आणि उंचीतला फरक १८० मीटर आहे. सरळ भागाकार केला तर १:६७ येते. पण स्थानकाची जागा जवळपास सपाट लागते, नाहीतर उभे डबे घरंगळतील. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा किलोमीटर सपाटीसाठी सोडला की चढायला ११ किलोमीटरच उरतात आणि चढ १:६१ होतो. हाच चढ १:१०० पर्यंत सौम्य करायचा तर १८ किलोमीटर लांबीची चढण लागेल, म्हणजे सात किलोमीटर जास्तीचा मार्ग कुठेतरी वळवून बसवावा लागेल. बाजूच्या दरीत आत शिरून परत येणे, डोंगराला वळसा घालणे, उलटे वळून स्वतःच्याच डोक्यावरून जाणे, असे सगळे उपाय याच गरजेतून जन्मले.

कॅलिफोर्नियातला १८७६ चा तेहाचापी लूप याचे अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे. जेमतेम सव्वा किलोमीटरहून कमी लांबीच्या वर्तुळात मार्ग सुमारे २३ मीटर वर चढतो, म्हणजे चढ साधारण १:५० पडतो, आणि पुरेशी लांब मालगाडी असली तर तिचे इंजिन स्वतःच्याच मागच्या डब्यांवरून जाते. अशी रचना आपल्या मार्गात जरूर घ्यावी, पण चढाच्या हिशेबाने ती मागितली असेल तरच घ्यावी.

किती चढ ठेवावा हे इंजिनाला विचारावे. इंजिनासह २००० टनांची गाडी १:१०० वर असेल तेव्हा तिला केवळ उतारामुळे मागे खेचणारे बल सुमारे १९६ किलोन्यूटन असते, त्यात चाकांचा व हवेचा रोध धरून आणखी चाळीस-पन्नास मिळवावेत. १२० टनांचे इंजिन, सर्व चाके ओढणारी आणि रूळ कोरडे, अशा स्थितीत चाकांची पकड वजनाच्या तीन दशांश धरली तर ते सुमारे ३५० किलोन्यूटन ओढू शकते, म्हणजे गाडी निघेल. तीच गाडी १:५० वर नेली तर नुसत्या चढाचे बल ३९२ होते आणि इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात. आता दोन मार्ग उरतात: चढ कमी करणे किंवा दुसरे इंजिन जोडणे. दुसरा मार्ग खेळाच्या दृष्टीने फार समृद्ध आहे. भोर घाटात १:३७ च्या चढासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने लागतात आणि लोणावळ्याला सुटतात. आपल्या मार्गावरही तसा एक टप्पा ठेवला, तर चढाच्या पायथ्याचे साधे स्थानक बँकरचे ठाणे बनते आणि त्याला स्वतंत्र साइडिंग (बाजूला फुटणारा रूळ), सिग्नल आणि काम मिळते.

चढ बदलतो तिथे टोकदार कोपरा राहू देऊ नये, उभ्या छेदातही वळण द्यावे. लांब गाडी उंचवट्यावरून जाताना तिचा अर्धा भाग चढावर आणि अर्धा उतारावर असतो, आणि डबे जोडणाऱ्या कपलिंगवरचा ताण सांभाळण्याचे खरे कौशल्य तिथेच लागते.

वळणे आणि वेग

वळणाची त्रिज्या वेगावरून काढावी. १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) उपयोगी सूत्र असे आहे: ताशी किलोमीटरमधल्या वेगाच्या वर्गाला ११.८ ने गुणून मीटरमधल्या त्रिज्येने भागले की बाहेरचा रूळ किती मिलिमीटर उचलावा लागेल ते मिळते. बाहेरचा रूळ १०० मिलिमीटर उचललेला आणि सूत्राने मागितलेल्या उचलीत आणखी ७५ मिलिमीटरची उणीव चालवून घेतलेली, असे धरले तर ३०० मीटर त्रिज्येवर सुमारे ६७ किलोमीटर आणि ६०० मीटरवर सुमारे ९४ किलोमीटर वेग मिळतो. त्रिज्या दुप्पट करूनही वेग दुप्पट होत नाही, त्यामुळे डोंगरात मोठ्या त्रिज्येचा हट्ट धरून बोगद्यांची संख्या वाढवण्यात अर्थ नसतो. सरळ रूळ आणि वळण यांच्या मध्ये त्रिज्या हळूहळू कमी होत जाणारा संक्रमणाचा तुकडा मात्र हवाच. तो नसला की कॅबमधून, म्हणजे चालकाच्या कक्षातून, दृश्य झटक्याने वळते आणि मार्ग कच्चा वाटतो.

इथे आपला सिम्युलेटर कोणता, याचाही विचार करावा. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर २००१ मध्ये आला आणि त्याच्याच पद्धतीचे मार्ग चालवणाऱ्या मोफत ओपन रेल्समध्ये रूळ मुख्यतः ठरावीक त्रिज्यांच्या तयार तुकड्यांनी जोडतात, म्हणून उपलब्ध त्रिज्यांची यादी समोर ठेवूनच वळणे आखावीत. ट्रेन्झ किंवा ट्रेन सिम्युलेटर क्लासिकमध्ये रूळ हवा तसा वळवता येतो. त्या मोकळिकीत आपली किमान त्रिज्या किती, हे वहीत लिहून ठेवलेले बरे.

स्थानके आणि लूप

लूपची लांबी सर्वांत लांब गाडीवरून ठरते. १५ मीटरच्या ४० वाघिणी आणि २० मीटरची दोन इंजिने मिळून ६४० मीटर होतात. थांबताना थोडे पुढे-मागे होणार, म्हणून ४०-५० मीटर वाढवून सिग्नलपासून मागच्या सांध्याच्या (रूळ जिथे फुटतो त्या जागेच्या) मोकळ्या खुणेपर्यंत, म्हणजे जिच्या आत उभी गाडी शेजारच्या रुळावरच्या गाडीला अडत नाही तिथपर्यंत, ६९० मीटर मोकळे ठेवावेत. सांध्यांची जागा यात धरू नये, ती वेगळी लागते आणि नेमकी तीच नवख्यांकडून विसरली जाते.

साइडिंग कोणत्या बाजूने फुटते याकडे विशेष लक्ष द्यावे. गाडी सांधा ओलांडून पुढे जाऊन मागे येत साइडिंगमध्ये शिरू शकत असेल, तर वाघिणी ठेवणे सोपे जाते. साइडिंग गाडीच्या पुढच्या दिशेने फुटत असेल, तर इंजिन वाघिणींच्या पुढे अडकते आणि ते लूपमधून फिरवून मागे आणावे लागते. एका मार्गावर दोन्ही प्रकारच्या साइडिंग ठेवल्या की जातानाचे आणि येतानाचे शंटिंग वेगळे होते.

एकेरी मार्गावर क्रॉसिंगची स्थानके सारख्या अंतरावर नसावीत, कारण असमान खंडांमुळेच वेळापत्रक जुळवण्याचे काम निर्माण होते. खंड ६, ७, १२ आणि ८ किलोमीटरचे असतील, तर १२ किलोमीटरचा खंड साऱ्या वेळापत्रकाला वेसण घालतो. चढावर ३० किलोमीटरने येणारी मालगाडी तो २४ मिनिटे अडवते, उलट दिशेची पॅसेंजर ६० ने १२ मिनिटे घेते, आणि दोन्ही टोकांना तीन-तीन मिनिटे धरली तर गाड्यांच्या एका जोडीला ४२ मिनिटे लागतात. हे कंट्रोल ऑफिसमधल्या चार्टप्रमाणे काढावे: एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्थानके, प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. दोन रेघा स्थानकाच्या ओळीवर छेदल्या तर ठीक, मध्येच छेदल्या तर तिथे लूप हवा किंवा वेळ बदलायला हवी.

सिग्नल

सिग्नलची जागा थांबण्याच्या अंतरावरून येते. १०० किलोमीटर वेगाची गाडी प्रति सेकंद अर्धा मीटर या दराने मंदावली तर सपाटीवर सुमारे ७७० मीटरमध्ये थांबते, पण १:५० च्या उतारावर तेच ब्रेक लावून तिला जवळजवळ १२७० मीटर लागतात. म्हणून उतारावर आगाऊ सूचना देणारा सिग्नल अधिक आधी असावा, किंवा वेगमर्यादा खाली आणावी. वळणाच्या किंवा बोगद्याच्या तोंडाशी सिग्नल येत असेल तर तो कॅबमधून किती सेकंद दिसतो हे तपासावे.

कागदावरून पडद्यावर

एडिटरमध्ये प्रथम पूर्ण मार्गाचे रूळ टाकावेत. एकही झाड लावू नये. उघड्या जमिनीवर सर्वांत जड गाडी दोन्ही दिशांनी चालवावी, चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबवून पुन्हा निघते का पाहावे, लूपमध्ये दोन लांब गाड्या समोरासमोर उभ्या करून सांधे मोकळे राहतात का तपासावे, आणि चार्टवरची वेळ प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहावी. जी दुरुस्ती करायची ती इथेच करावी. त्यानंतर सिग्नल, मग स्थानकांच्या इमारती आणि सर्वांत शेवटी निसर्ग. कॅबमधून रुळांच्या जवळचा शे-दोनशे मीटरचा पट्टा बारकाईने दिसतो, त्यापलीकडे फक्त डोंगरांची रेषा आणि रंग जाणवतात, म्हणून मेहनत त्याच प्रमाणात वाटावी. ओपन रेल्सच्या मार्गात जमीन २०४८ मीटरच्या चौरसांमध्ये विभागलेली असते. एकाच चौरसात मोठे यार्ड, शहर आणि घनदाट जंगल आले तर दृश्य अडखळू लागते, त्यामुळे यार्ड आणि जंगल यांच्या जागा नकाशावरच थोड्या दूर ठेवाव्यात.